वाचकांचे प्रश्न: पहाडात बर्फ किती पडणार, हे आधीच का नाही सांगता येत?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, तरी या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न काश्मीर-हिमाचलच्या बर्फावर आहेत. कारणही सरळ आहे, रावेर-सावद्याची केळी तिकडे जाते, पोरं फौजेत तिकडे आहेत, आणि डिसेंबर आला की अर्धा गाव मनालीला निघतो. म्हणून यावेळी सगळं सदर बर्फालाच देऊन टाकलं.

प्रश्न: राम राम भाऊ. जानेवारीत आमच्या केळीच्या दोन गाड्या श्रीनगरला निघाल्या. ड्रायव्हरने मोबाईलवर पाहिलं तर एका ॲपवर काझीगुंडला ८ सेंटीमीटर बर्फ, दुसऱ्यावर ४०. आम्ही म्हटलं मधलं काहीतरी धरू. पडला दीड फूट, रस्ता बंद, गाड्या उधमपूरला उभ्या आणि थंडीने माल काळा. पाऊस सांगतात तसा बर्फ का नाही सांगता येत? (एक केळी व्यापारी, रावेर)

दादा, दोन्ही ॲपनी कदाचित एकच गोष्ट सांगितली होती. मस्करी नाही करत. हवामानाचं मॉडेल आधी बर्फ काढत नाही, पाणी काढतं, म्हणजे ढगातून एकूण किती मिलिमीटर पाणी खाली येणार ते. समजा त्या दिवशी ३० मिलिमीटर येणार होतं. खाली हवा ३-४ अंशांवर असली तर ते ३० मिलिमीटर म्हणजे नुसता पाऊस, रस्ता ओला, गाडी पुढे. हवा शून्याच्या आसपास असली तर ओला जड बर्फ, वीस-पंचवीस सेंटीमीटर. आणि चांगली उणे पाच-सहा असली तर तेच पाणी ४५ सेंटीमीटरपर्यंत फुगतं. तुम्ही केळीवाले, पण शेजारी कापूसवाले असतीलच, मोकळा कापूस ट्रॉलीभर दिसतो आणि प्रेसिंगमधून निघाला की एवढीशी गाठ होते, वजन तेच, तसं आहे हे. ढोबळ हिशोब एकास दहा धरतात, १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटीमीटर बर्फ, पण ओल्या बर्फाला तो पाच-सहापर्यंत उतरतो आणि कोरड्या भुरभुरीत बर्फाला वीसच्याही वर जातो. बरीच ॲप डोळे झाकून दहानेच गुणतात.

फुगणं कशावर ठरतं? ढगात जिथे उणे १२ ते उणे १८ अंश असतं ना, तिथे सहा फांद्यांचे मोठे मोठे पाकळ्यांसारखे कण तयार होतात, ते एकमेकांवर पडले की मधे हवा भरपूर राहते. वादळाची मुख्य ओल नेमकी त्या थरातून वर चढली तर बर्फ फुगीर, नाहीतर बारीक दाणेदार. वर वारा जोरात असला की त्या फांद्या मोडतात आणि बर्फ दाबून बसतो. म्हणजे सेंटीमीटर सांगायचे तर तीन-चार किलोमीटर उंचीवरच्या ढगाच्या पोटातलं तापमान बरोबर पाहिजे, आणि ॲपवाला तुम्हाला काझीगुंडच्या रस्त्यावरचं तापमान दाखवतोय.

आता त्याहून त्रासदायक गोष्ट. बनिहाल आणि काझीगुंड, म्हणजे जम्मू-श्रीनगर हायवेवरच्या बोगद्याच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं गाव, दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण १६५० ते १७०० मीटरवर. वर चढलं की दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे अंदाजात फक्त १ अंशाची चूक झाली तरी पाऊस आणि बर्फ यांच्यातली रेघ दीडशे मीटर वर-खाली सरकते. शून्य अंशाची पातळी २००० मीटरवर असली तर बर्फाचे कण वितळायच्या आधी आणखी दोनशे-तीनशे मीटर खाली येतात, म्हणजे रेघ बरोबर तुमच्या हायवेवर येऊन बसली! शिवाय जोरात पडायला लागलं की वितळणारा बर्फ आजूबाजूच्या हवेतली उष्णता खातो, हवा अजून गार होते, आणि संध्याकाळी जो पाऊस होता तो रात्री दोन वाजता बर्फ झालेला असतो. ड्रायव्हर लोक सांगतात ना, "जेवायला थांबलो तेव्हा पाऊसच होता," ते खरंच तसं असतं.

म्हणून "मधलं काहीतरी धरू" हे मला पटत नाही. ८ आणि ४० ची सरासरी २४ येते, पण अशा जागी प्रत्यक्षात २४ क्वचितच पडतो, एकतर पाऊस होऊन ५ नाहीतर बर्फ होऊन ४५. दोन ॲपमध्ये इतका फरक दिसला की त्याचा अर्थ मधला आकडा असा घेऊ नका, रेघ त्या गावाच्या उंचीवरून जातेय आणि कुणालाच नक्की माहीत नाही असा घ्या.

तुमच्या धंद्यापुरतं सांगायचं तर सेंटीमीटर बघणं सोडा. पाणी किती मिलिमीटर आणि शून्य अंशाची पातळी किती मीटर हे दोनच बघा, ते बऱ्याच ॲपमध्ये आत कुठेतरी असतं. २० मिलिमीटरच्या वर पाणी आणि पातळी २००० च्या खाली असली तर गाडी जम्मूच्या पुढे काढू नका, जम्मू शहर जेमतेम सव्वातीनशे मीटरवर आहे, तिथे रस्ता बर्फाने बंद होत नाही. आणि जम्मू-काश्मीर ट्रॅफिक पोलीस या हायवेची रोजची ॲडव्हायझरी काढतात, जड गाड्या कोणत्या बाजूने आणि कधी सोडणार ते त्यात असतं, ते कोणत्याही मॉडेलपेक्षा तुमच्या कामाचं. केळीला १३ अंशांच्या खाली तसंही सोसत नाही, त्यामुळे उभं राहायचंच असेल तर खाली उभं राहा.

प्रश्न: बातम्यांत "गुलमर्गला दोन फूट बर्फ" असं सांगतात. हे मोजतात कसं? पट्टी खुपसून? आठवीच्या मुलांनी वर्गात विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. (एक शिक्षिका, चाळीसगाव)

मॅडम, पट्टीच खुपसतात, पण कुठे खुपसतात यात सगळी मेख आहे. गवतावर मोजलं तर गवताची पोकळी मोजली जाते, गच्चीवर मोजलं तर खालची ऊब बर्फ वितळवते, भिंतीशी मोजलं तर वाऱ्याने आणून टाकलेला ढीग मोजला जातो. म्हणून हात-दीड हात लांबीरुंदीची पांढरा रंग दिलेली फळी घेतात, झाडं-भिंतींपासून लांब मोकळ्यात जमिनीलगत ठेवतात, शेजारी झेंडी रोवतात कारण पडल्यावर फळी सापडली पाहिजे. ठरलेल्या वेळी तीन-चार ठिकाणी पट्टी उभी घालून सरासरी काढायची, फळी पुसायची, आणि नव्या बर्फाच्या वर परत ठेवायची. रंग पांढरा का, हे मुलांना विचारा. काळी फळी उन्हाने तापते आणि पहिला बर्फ तिच्यावरच वितळतो.

आता मुलांना आवडेल अशी भानगड. बर्फ पडल्या पडल्या बसायला लागतो, स्वतःच्याच वजनाने. त्यामुळे दर सहा तासांनी मोजून बेरीज केली तर समजा ४० येईल, तोच चोवीस तासांनी एकदाच मोजला तर ३२. दोन्ही खरे! एखादा हौशी माणूस दर तासाला फळी पुसत बसला तर त्याच्या अंगणात सगळ्यात जास्त बर्फ "पडतो". म्हणूनच अमेरिकेत नियम आहे की दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त फळी पुसायची नाही. आणि जमिनीवर एकूण किती साचलाय हा तिसराच आकडा, बातमीत हे तिन्ही एकमेकांत मिसळतात.

पाणी मोजायचं तर नळीने बर्फाचा उभा तुकडा काढून वितळवतात किंवा वजन करतात. पावसाचं साधं मापक बर्फाला फसतं, कारण हलके कण वाऱ्याबरोबर त्याच्या तोंडावरूनच निघून जातात, जोराच्या वाऱ्यात निम्मा बर्फसुद्धा आत जात नाही. उंचावर माणूस नसतो तिथे खांबावरून आवाजाची लहर खाली सोडणारी यंत्रं असतात, लहर परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. अजून एक, हवामान खात्याच्या हिमाचलच्या पत्रकात पाऊस आणि बर्फ दोन्हीचे आकडे असतात, गोंदला, केलाँग, कोठी अशी नावं दिसतील. त्यातला पावसाचा १ सेंटीमीटर आणि बर्फाचा १ सेंटीमीटर यात दहापट पाण्याचा फरक आहे, शेजारी शेजारी छापलेलं असतं म्हणून घोळ होतो. २४ तास म्हणजे सकाळी साडेआठ ते साडेआठ.

प्रश्न: दरवर्षी व्हिडिओ येतो "सातपुड्यात बर्फवृष्टी", तोरणमाळ नाहीतर अक्कलकुव्याच्या डाबचा. खरंच पडतो का बर्फ? (शहादा)

नाही पडत. ते दव गोठलेलं असतं. व्हिडिओ खरा असतो, खालची ओळ खोटी. ज्या रात्री डाबला गवत पांढरं होतं त्या रात्री आभाळ एकदम स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो, जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि गवताची पाती शून्याच्या खाली उतरतात, भले वर पेटीतला थर्मामीटर ४-५ अंश दाखवत असो. बर्फ पडायला ढग लागतो, आणि आपल्याकडे ढग असला की रात्र एवढी गार होतच नाही. गाडीच्या टपावर, चाऱ्यावर, पत्र्यावर थर दिसला आणि झाडाखाली जमीन कोरडी असली तर समजून जा.

प्रश्न: आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुटुंबासह मनालीला जातोय, सोबत सासू-सासरे. बुकिंग झालंय. बर्फ बघायलाही मिळावा आणि अडकूही नये, तर अंदाज कधी बघायचा? (अमळनेर)

ताई, बुकिंग करताना बर्फाचा अंदाज बघण्यात काही अर्थ नाही. वेस्टर्न डिस्टर्बन्स, टीव्हीवाले ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात तो, भूमध्य समुद्र-कॅस्पियनकडून इराण-अफगाणिस्तानवरून येतो, तो येतोय एवढं पाच-सात दिवस आधी कळतं. किती पडणार हे शेवटच्या एक-दोन दिवसांत. त्यामुळे आठवडाभर आधी बघा ते फक्त "काही येतंय का" यासाठी, आणि निघायच्या आदल्या दिवशी बघा ते "कुठल्या उंचीपर्यंत" यासाठी.

उंचीच का, तर मनाली साधारण २०५० मीटरवर आणि अटल टनेलचं तोंड ३००० च्या वर. एक किलोमीटरचा फरक, म्हणजे सहा-साडेसहा अंश. मनालीच्या मॉल रोडवर रिमझिम पाऊस पडत असतो, लोक म्हणतात चला वर जाऊन बर्फ बघू, आणि सोलंगच्या पुढे रस्त्यावर काच झालेली असते. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते टनेल अशा हजारेक गाड्या अडकल्या होत्या, त्यात बहुतेक पर्यटकच. माझं सरळ मत आहे, वादळ चालू असताना वर जाऊच नका, ते निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, रस्ता मोकळा करतात, तेव्हा जा, बर्फ कुठे पळत नाही. शिमल्याच्या हवामान केंद्राचा जिल्ह्यानुसार इशारा बघा, ऑरेंज किंवा रेड असला तर त्या दिवशी हॉटेलात पत्ते कुटा. सासऱ्यांना दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या, तो वेगळा विषय.

प्रश्न: सर, आता पुण्यात एवढा मोठा सुपर कॉम्प्युटर आहे, सॅटेलाईट आहेत, एआय आहे. तरी अंदाज चुकतो म्हणजे डेटा कमी की मॉडेल खराब? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जळगाव)

दोन्ही थोडं थोडं, आणि तिसरा डोंगर. आयआयटीएम पुण्याचा "अर्क" आणि नोएडाचा "अरुणिका" हे सुपर कॉम्प्युटर २०२४ च्या सप्टेंबरात चालू झाले, मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल आलं, ६ किलोमीटरच्या चौकटीचं, म्हणजे नकाशाचे एवढे चौकोन पाडून प्रत्येकाचा हिशोब करणारं, आधी १२ ची होती. हे मोठं काम आहे, जगातलं नावाजलेलं युरोपियन मॉडेल ९ किलोमीटरवर आणि अमेरिकेचं जीएफएस साधारण १३ वर चालतं. पण तू पीर पंजालचा, म्हणजे काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेच्या डोंगररांगेचा, नकाशा उघड. ६ किलोमीटरच्या आत १७०० मीटरची दरी आणि तिच्या डोक्यावर साडेतीन हजारांची धार, दोन्ही असतात. मॉडेल त्या चौकटीला एकच उंची देतं, म्हणजे धार छाटली आणि दरी भरली. आता नैऋत्येचा ओला वारा त्या धारेवर आदळून वर चढतो, गार होतो, पाणी सोडतो, सगळा खेळ त्या चढण्याचा. छाटलेल्या डोंगरावर वारा कमी चढतो, बर्फ कमी दिसतो, आणि पलीकडच्या बाजूला जो कोरडा पट्टा असायला पाहिजे तो मॉडेलमध्ये ओला होतो. लेह ३५०० मीटरवर असूनही वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळतो तो याच कारणाने, सगळं आधीच्या रांगांवर सांडून गेलेलं असतं. वाऱ्याची दिशा वीस-तीस अंशांनी जरी फिरली, समजा धारेवर सरळ आदळायच्या ऐवजी तिरपा गेला, तरी आकडा अर्धा होतो.

एआयबद्दल: युरोपच्या हवामान अंदाजाच्या सेंटरने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचं एआय मॉडेल रोजच्या कामाला लावलं, वादळाचा मार्ग सांगायला ते चांगलं आहे. पण त्याची चौकट २५-३० किलोमीटरची, आणि ज्या धारेवर मोजमापच नाही तिथलं ते शिकणार कशावरून? ३००० मीटरच्या वर आपल्याकडे स्टेशनं थोडी, आणि जी आहेत ती बहुतेक दरीत, रस्त्याला लागून, कारण माणूस तिथे पोचतो. अमेरिकेच्या पश्चिमेला डोंगरात शेकडो ठिकाणी बर्फाचं वजन करणाऱ्या मोठ्या चपट्या पिशव्या ठेवल्यात, आत न गोठणारं द्रव, वर बर्फ साचला की दाब कळतो. तसं जाळं हिमालयात असतं तर तुझा प्रश्न अर्धा झाला असता.

म्हणून जाणकार लोक एक मॉडेल बघतच नाहीत. सुरुवातीची हवा किंचित बदलून तेच मॉडेल पन्नास वेळा पळवतात आणि बघतात बर्फ किती वेळा ३० सेंटीमीटरच्या वर गेला, किती वेळा १० च्या खाली राहिला. पन्नासही उत्तरं जवळ जवळ आली तर बिनधास्त सांगा, फाकली तर तसंच सांगा. टीव्हीवर मात्र एकच आकडा जातो, कारण ग्राफिकमध्ये एकच बसतो. आणि उलटही होतं हं, जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळपास कोरडं होतं, तेही चिल्ले कलां म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, स्कीवाले हात चोळत बसले, बर्फ आला तो महिना संपता संपता.

प्रश्न: माझा मुलगा काश्मीरमध्ये वरच्या पोस्टवर आहे. बर्फ जास्त पडला की हिमस्खलनाची भीती वाटते. त्याचाही अंदाज देतात का? (भडगाव)

देतात, मावशी. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई नावाची संस्था हेच काम करते, आधी मनालीला सासे म्हणून होती ती २०२० मध्ये यात विलीन झाली. उतारांवर खुणेचे खांब, आपोआप नोंद करणारी यंत्रं, आणि जवानांनी स्वतः केलेल्या नोंदी, यावरून कोणत्या भागात धोका किती ते रोज कळवतात आणि पोस्टवरच्या हालचाली त्यावर ठरतात. एकूण बर्फ किती साचला यापेक्षा तो किती घाईने पडला आणि वारा कसा होता यावर जास्त अवलंबून असतं, एका दिवसात फूट-दीड फूट पडला आणि वाऱ्याने तो एका बाजूच्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर नेऊन लादला की धोका वाढतो. वादळ चालू असताना आणि संपल्यावरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर कोसळलं ते असंच सलग बर्फ पडत असताना, ५४ जण होते, ४६ वाचले, ८ गेले. मुलाचा फोन वादळात एक-दोन दिवस लागला नाही तर लगेच वाईट मनात आणू नका, वादळात वीज आणि टॉवर बंद पडतात हे नेहमीचं आहे.

प्रश्न: रेल्वेतून रिटायर झालो. बर्फात गाडी अडकल्याचं कधी ऐकलंय का? (भुसावळ)

काका, कॅलिफोर्नियात १३ जानेवारी १९५२ ला 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' नावाची गाडी सिएरा नेवाडाच्या घाटात रुतली, प्रवासी-कर्मचारी धरून २२६ माणसं, तीन दिवस आत. त्याच घाटाजवळ १९४६ पासून बर्फ मोजायची एक प्रयोगशाळा आहे, त्या हंगामात तिथे २० मीटरच्या वर बर्फ मोजला गेला. २०२२-२३ च्या हंगामात परत १९ मीटर झाला. आपल्याकडे बनिहाल-काझीगुंडची रेल्वे ११ किलोमीटरच्या बोगद्यातून पीर पंजालच्या पोटातून जाते, वर किती का पडेना.

प्रश्न: तिकडे बर्फ पडला की आमच्याकडे केळी गारठते असं जुने लोक म्हणतात. किती दिवसांनी? (यावल)

जुने लोक बरोबर म्हणतात. पण बर्फाची थंडी चालत इथपर्यंत येते असं नाही, दोन्ही एकाच वादळाची कामं. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा गार वारा सुटतो, आभाळ साफ होतं, आणि साधारण दोन-तीन दिवसांत तापीच्या खोऱ्यात पारा पडतो. वादळ जवळ असताना मात्र उलटं, ढगाळ राहतं, रात्री थोडी ऊब वाटते आणि लोक म्हणतात थंडी गेली. ती गेलेली नसते. आणि विक्षोभ फार खोल दक्षिणेपर्यंत आला आणि अरबी समुद्राची ओल त्याला मिळाली तर थंडीऐवजी अवकाळी नाहीतर गारपीट, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा-गव्हाची वाट लावणारी, तीच.

तर श्रीनगर-शिमल्याला बर्फाचा इशारा दिसला की तुमच्याकडे दोन-तीन दिवस हातात आहेत. १० अंशांच्या खाली गेलं की केळीची वाढ थांबते, नवीन पान अडकतं, घड पडायला उशीर लागतो. रात्री हलकं पाणी द्या, पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करा, वाऱ्याच्या बाजूला हत्ती गवत किंवा शेवरीचं कुंपण असेल तर ते दाट ठेवा, आणि घडांना स्कर्टिंग बॅगा ढगाळ दिवसांतच घालून टाका, थंडी पडल्यावर मजूर मिळेपर्यंत दोन रात्री निघून जातात.